सरपंचपदाची सोडत आणि प्रतिनिधित्वाचा हिशेब

तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते त्या दिवशी सभागृहात उभं राहायलाही जागा नसते. वाळवा असो, तासगाव असो की कोरेगाव, चित्र तेच. टेबलावर पारदर्शक बरणी, आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतलं एखादं लहान मूल. गावाचं नाव पुकारलं की एका बाजूने टाळ्या पडतात आणि दुसऱ्या बाजूला चेहरे उतरतात. वर्षभर बॅनर लावून तयारी केलेल्या कुणाचं तरी गणित तिथेच फिसकटलेलं असतं. तासाभरात घरातल्या सुनेचा किंवा बायकोचा जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांची शोधाशोध सुरू होते.

पुढारी मंडळी या सोडतीकडे नशीब म्हणून बघतात. अभ्यासकांनी मात्र अशाच आरक्षणाच्या आधाराने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लोकशाहीबद्दलचे फार जुने वाद तपासून पाहिले आहेत. बाई सरपंच झाली तर गावचा कारभार बदलतो का? राखीव जागेवरून आमदार निवडून गेला म्हणून मागासवर्गीय वस्तीतली परिस्थिती सुधारते का? खुर्चीत कोण बसतं याने खरंच काही फरक पडतो का? हे प्रश्न आपण पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात बोलतो आणि त्यांची उत्तरंही ठासून देतो. ती उत्तरं तपासायची कशी, हे या लेखात सांगायचं आहे. माझं स्वतःचं म्हणणंही त्यात आहे: खुर्च्या मोजणं गरजेचं आहे, पण खुर्च्या मोजून झाल्या की आपण हात झटकतो, आणि खरी विषमता त्याच्या पुढच्या टप्प्यांवर बसलेली असते.

आधी प्रतिनिधी कशाला म्हणायचं ते बघू. हॅना पिटकिन या अभ्यासिकेने १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाचे वेगवेगळे अर्थ सुटे करून मांडले. पुस्तकी भाषा बाजूला ठेवून माण तालुक्यातल्या एखाद्या मेंढपाळ कुटुंबाच्या जागी उभं राहू. त्यांच्या मतदारसंघाला आमदार आहे, तो नियमाने निवडून आला आहे आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. हा झाला पहिला अर्थ. तो आमदार मेंढपाळांतला आहे का, त्याने कधी मेंढरांच्या वाड्यावर रात्र काढली आहे का, हा दुसरा. तो कुणाही समाजातला असो, वनखात्याने चराई अडवली, पावसाळ्यात मेंढरं रोगाने मेली, तर तो विधानसभेत तो विषय लावून धरतो का, हा तिसरा. आणि आपल्यातलं माणूस त्या जागी बघून त्या घरातल्या पोरीला आपणही तिथे जाऊ शकतो असं वाटतं का, हा चौथा.

हे चारही अर्थ एकमेकांत मिसळले की वाद कधीच संपत नाही. एकजण म्हणतो, “आपल्या समाजाचा माणूस पाहिजे.” दुसरा म्हणतो, “जात कशाला बघता, काम बघा.” पहिला दुसऱ्या अर्थाबद्दल बोलतोय, दुसरा तिसऱ्याबद्दल. दोघंही बरोबर असू शकतात.

डॉ. आंबेडकरांनी हा पेच फार आधी पकडला होता. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मतांचं, म्हणजे विचारांचं, प्रतिनिधित्व आणि माणसांचं प्रतिनिधित्व यांत फरक केला आणि दोन्ही हवीत असं मांडलं. नुसतं मतदार असून भागत नाही, कायदे करणाऱ्यांतही असावं लागतं. नाहीतर कायदे करणारे हे फक्त मत देणाऱ्यांचे धनी होऊन बसतात, असा त्यांचा रोख होता. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर त्यांचं नाव चढलं होतं, आणि लहानपणी वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आत बसणं आणि कोपऱ्यात बसणं यातला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

राखीव मतदारसंघ: फलटण आणि मिरज

सातारा जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत, सांगलीतही आठ. साताऱ्यात फलटण आणि सांगलीत मिरज हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राज्यात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, असं हे साधं सूत्र आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. राखीव असतो तो उमेदवार. मतदार सगळेच असतात. मिरजेत किंवा फलटणला मत देणाऱ्यांत अनुसूचित जातींचे लोक अल्पसंख्य आहेत. त्यामुळे निवडून यायचं तर उमेदवाराला बाकीच्या समाजांची, आणि त्याआधी पक्षाची व स्थानिक गटाची मर्जी सांभाळावी लागते. १९३२ मध्ये नेमका यावरूनच संघर्ष झाला. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांमध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजांना ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, म्हणजे त्या जागांवर कोण जावं हे त्याच समाजाच्या मतदारांनी ठरवायचं. गांधीजींच्या येरवड्यातल्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण अंतिम मतदान सगळ्यांचं मिळून ठरलं. चार उमेदवारांची प्राथमिक निवड त्या समाजाने करायची, अशी एक पायरी करारात होती. ती पुढे टिकली नाही. जागा दुपटीने वाढल्या आणि निवडीचा अधिकार निसटला. आजच्या राखीव मतदारसंघाची रचना त्या तडजोडीतून आली आहे.

मग अशा रचनेचा परिणाम काय झाला? इथे संशोधनाचे निष्कर्ष एका सुरात बोलत नाहीत, आणि तेच मला प्रामाणिक वाटतं. रोहिणी पांडे यांनी २००३ मध्ये राज्या-राज्यांची तुलना करून दाखवलं की विधानसभेत राखीव जागांचं प्रमाण वाढलं तिथे त्या समाजांसाठीच्या योजना आणि राखीव नोकऱ्यांकडे सरकार अधिक वळलं. फ्रान्सेस्का येन्सेनियस यांनी १९७१ ते २००१ या काळातले राखीव आणि त्यांच्यासारखेच खुले मतदारसंघ शेजारी शेजारी ठेवून पाहिले. साक्षरता, रोजगार यांत दोन्हींमध्ये ठळक फरक दिसला नाही. राखीव जागेमुळे मतदारसंघ मागे पडतो, ही ओरड त्यामुळे खोटी ठरली. पण राखीव मतदारसंघातले दलित झपाट्याने पुढे गेले, असंही आढळलं नाही. आमदार पक्षाला आणि बहुसंख्य मतदारांना बांधलेला असेल तर दुसरं काय होणार?

आणि तरी गोष्ट तिथे संपत नाही. सायमन शोशार्ड यांनी राजस्थानातल्या गावांमध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव सरपंचपदाचा परिणाम तपासला. वरच्या जातींच्या मनातले पूर्वग्रह फारसे बदलले नव्हते. वागणूक मात्र बदलली होती. पाणवठ्यावर, चहाच्या टपरीवर उघड अपमान करायला लोक कचरू लागले, कारण आता असं वागलं तर निभावणार नाही हे त्यांना कळलं होतं. मन बदलायच्या आधी वागणं बदलतं, याला मी लहान गोष्ट मानत नाही. ज्याला रोज त्या रस्त्याने जावं लागतं त्याला विचारा.

सोडतीमुळे तुलना का शक्य होते

समजा, एका गावाने स्वतःहून बाईला सरपंच केलं आणि त्या गावात नळयोजना झाली. श्रेय बाईला द्यायचं का? कदाचित ते गावच आधीपासून पुढारलेलं असेल, शाळा चांगली असेल, पाण्याची निकड मोठी असेल. बाई निवडून येणं आणि नळ येणं या दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने झाल्या असतील. सामाजिक अभ्यासातली ही सर्वांत मोठी अडचण आहे. आरक्षण जेव्हा गावाचे गुणदोष न बघता चिठ्ठीने किंवा ठरावीक क्रमाने पडतं, तेव्हा राखीव झालेली आणि न झालेली गावं सरासरीने सारखीच असतात. पुढे त्यांत फरक दिसला तर तो आरक्षणाचा, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

७३ वी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये संमत झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या मिळून २६५ ग्रामपंचायतींचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. (दुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांची युक्ती सोपी होती. गावातल्या बायकांनी कोणत्या तक्रारी केल्या आणि पुरुषांनी कोणत्या, याची आधी नोंद केली. मग पंचायतीने पैसा कशावर खर्च केला ते पाहिलं. दोन्हीकडे बायकांच्या तक्रारींत पिण्याचं पाणी वर होतं. बंगालमध्ये त्यांना रस्तेही हवे होते, कारण रस्त्याच्या कामावर मजुरी मिळायची. राखीव पंचायतींत दोन्ही राज्यांत पाण्यावरचा खर्च वाढला. बंगालमध्ये रस्त्यांवरचा वाढला, राजस्थानात कमी झाला. म्हणजे ‘बायकांचे विषय’ म्हणून एक ठरीव यादी नव्हती. त्या त्या ठिकाणच्या बायकांना जे हवं होतं, त्या दिशेने पैसा सरकला होता. जत किंवा खटावमध्ये उन्हाळ्यात टँकरच्या वेळा कोण पाठ करून बसतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

“पण कारभार नवराच करतो!” हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो अनेक गावांत खरा आहे. सही वहिनींची, फोन भाऊंचा. तरीही वरचे आकडे आले आहेत ते अशा सगळ्या गावांना धरून आले आहेत. नवऱ्याच्या हातात कारभार असलेल्या पंचायती वगळून केलेली ती सरासरी नाही.

पुढचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच संशोधकांच्या गटाने बंगालमध्ये लोकांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. मजकूर एकच, काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवला, काहींना बाईच्या. जिथे बाई कधीच प्रधान (तिथला सरपंच) झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी प्रतीचं ठरवलं. जिथे बाईचा कारभार बघितला होता तिथे हा दुजाभाव बराच विरला होता. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सलग दोन खेपा पद राखीव राहिलेल्या गावांत मुलींबद्दलच्या आईबापांच्या अपेक्षा उंचावल्या, किशोरवयीन मुली-मुलांच्या शिक्षणातली तफावत नाहीशी झाली, मुलींच्या वाट्याचं घरकाम थोडं कमी झालं.

सलग दोन खेपा, हे शब्द अधोरेखित करावेत असे आहेत. आपल्याकडे आरक्षण फिरतं असतं. एका बाईने पाच वर्षांत मासिक सभेचं कामकाज, निविदा, ग्रामसेवकाशी व्यवहार शिकून घेतला की पद दुसऱ्याच प्रवर्गाला जातं आणि ती बहुतेकदा घरी बसते. शिकण्यातच खेप जाते. फिरतं आरक्षण अनेकांना संधी देतं हे खरं. पण ते टिकाऊ नेतृत्व घडू देत नाही, आणि किमान दोन खेपा एकच आरक्षण ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

एक दिलासाही आहे. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेचे वॉर्ड तपासले. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले. आधी राखीव नसलेल्या खुल्या वॉर्डांच्या तुलनेत तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा दार उघडलं की ते पूर्ण बंद होत नाही.

वरच्या पातळीवर मात्र दार जेमतेम किलकिलं आहे. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, २०१९ पेक्षा चारने कमी. महाराष्ट्र विधानसभेत त्याच वर्षी २८८ मध्ये महिलांचा आकडा २५ वरही गेला नाही. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली गेली. आणि ज्या थोड्या स्त्रिया वर पोचल्या त्यांची वाट कुठून गेली हेही पाहायला हवं. जुन्या कराड मतदारसंघातून प्रेमलाकाकी चव्हाण खासदार झाल्या. त्यांचे पती दाजीसाहेब त्यांच्याआधी खासदार होते. सांगलीतून १९८३ च्या पोटनिवडणुकीत शालिनीताई पाटील गेल्या. त्या वसंतदादांच्या पत्नी. या दोघींचं कर्तृत्व नात्यापुरतं नव्हतं. पण ज्या बाईचा नवरा, सासरा किंवा बाप राजकारणात नाही, तिच्यासाठी कृष्णाकाठी कोणती वाट होती, हा प्रश्न उरतोच. त्यात पैशाची भर घाला. विधानसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत कायद्याने ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. ही मर्यादा आहे, आणि एवढी रक्कम किती घरांतून उभी राहू शकते याचा हिशेब कुणीही करू शकतो.

सातबारा आणि मत

राज्यशास्त्रातल्या बहुतेक अभ्यासांचा भर विधानसभा, लोकसभा, पंचायत यांवर असतो. सातारा-सांगलीत राहणाऱ्याला ते अपुरं वाटेल. इथली सत्ता साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संघ, बाजार समिती आणि जिल्हा बँक यांतून वाहते. कारखान्याच्या निवडणुकीत गावोगावच्या सभा, गाड्यांचे ताफे, पॅनेलची चिन्हं हे सगळं विधानसभेला लाजवेल असं असतं. आणि इथे प्रतिनिधित्वाचं गणित वेगळ्याच जागी अडतं.

सहकारात एका सभासदाला एक मत असतं, शेअर कितीही असोत. नियम म्हणून तो फार सुंदर आहे. पण सभासद कोण होतो? ऊस उत्पादक. ऊस उत्पादक कोण? ज्याच्या नावावर जमीन आहे तो. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं असतं? भांगलण, खुरपणी, लागणीची निम्मी कामं करणाऱ्या बाईचं नाव तिथे क्वचित दिसतं. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला आणि देशाने २००५ मध्ये, पण भावाकडे माहेरपण टिकावं म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या होतात आणि तिचं नाव उडतं. त्या एका सहीने ती वाटणीतून जाते, कारखान्याच्या सभासदत्वातून जाते, म्हणून मतदारयादीतून जाते, म्हणून संचालकपदाच्या शर्यतीतूनही जाते. सहकार कायद्यानुसार संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरल्याही जातात. पण ज्या मतदारांनी त्या भरल्या त्यांत बायका किती होत्या, हे कुणी विचारत नाही.

जिल्हा बँकेत आणखी एक पायरी येते. तिथे सोसायट्यांच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी असतो आणि त्याच्या नावाचा ठराव आधी सोसायटीत करून घ्यावा लागतो. ठराव गोळा करणं हेच मुळी निवडणुकीचं पहिलं युद्ध. सामान्य कर्जदार शेतकऱ्याचं मत इथे दोन हातांतून पुढे जातं, आणि प्रत्येक हाताशी वजनदार माणसाचं वजन वाढत जातं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत आंबेडकरांनी इशारा दिला होता की राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. कारखान्याच्या मतदारयादीत ती विसंगती जमिनीच्या गुंठ्यांनी मोजता येते.

हे असंच असायला हवं असं मात्र नाही, आणि त्याचा पुरावाही सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळिराजा धरण उभं केलं तेव्हा त्याच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचाही हक्क धरला. आटपाडीच्या पाणी परिषदांमधून समन्यायी वाटपाची हीच मागणी पुढे आली. पाण्याचा हक्क जमिनीला न चिकटवता घराला चिकटवला की निर्णयाच्या बैठकीत कोण बसतं हेही बदलू लागतं. कासेगावला राहून पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा आणि स्त्रियांच्या लढ्यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या गेल ऑम्वेट या असल्या प्रयोगांकडे राजकारण म्हणूनच बघत.

मग ऊसतोड मजूर. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कारखान्याच्या परिसरात पालं पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर. वर्षातले पाच-सहा महिने ही माणसं इथलं पाणी पितात, इथल्या रस्त्यावर पहाटे गाड्या हाकतात, त्यांची लेकरं इथल्या शाळेच्या आसपास असतात. त्यांचं मत मात्र गावाकडे. इथल्या ग्रामसभेत त्यांना जागा नाही, कारखान्यात ते सभासद नाहीत, आणि ऐन हंगामात निवडणूक आली तर गावाकडचं मतही बुडतं. त्यांतही बाईची गत वेगळी. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या खटल्यांवरून दाखवलं की वंशाचा अन्याय आणि लिंगाचा अन्याय वेगवेगळे मोजले तर ज्यांच्यावर दोन्ही एकदम होतात त्या दोन्ही मोजण्यांतून निसटतात. ऊसतोड करणाऱ्या बाईचंही असंच होतं. मजुरांच्या मागण्यांत ती कोयत्याचा अर्धा भाग म्हणून येते, आणि महिलांच्या योजनांत ती गावी नसते म्हणून येत नाही.

इम्पिरिकल डेटाची भानगड

अभ्यास आणि राजकारण यांची गाठ किती घट्ट आहे हे महाराष्ट्राने अलीकडेच सोसलं. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांमधलं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण रोखलं. आरक्षणाच्या तत्त्वाला न्यायालयाचा विरोध नव्हता. २०१० च्या घटनापीठाच्या निकालाचा आधार घेऊन न्यायालय म्हणालं की शिक्षण-नोकरीतलं मागासपण आणि राजकीय मागासपण या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा वेगळा अभ्यास हवा. त्यासाठी तीन अटी: स्वतंत्र आयोगाने प्रत्यक्ष पाहणी करायची, प्रत्येक स्थानिक संस्थेनुसार प्रमाण ठरवायचं, आणि सगळी आरक्षणं मिळून ५० टक्क्यांवर जायचं नाही. वर्तमानपत्रांत ‘इम्पिरिकल डेटा’, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेली माहिती, हा शब्द रोज येऊ लागला तो तेव्हापासून. जुलै २०२२ मध्ये या पाहणीसाठी राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला. पुढेही वाद चालूच राहिले, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश देईपर्यंत अनेक महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. कोणाला किती प्रतिनिधित्व, याची माहिती नव्हती म्हणून कुणालाच प्रतिनिधित्व उरलं नाही. माहिती गोळा न करण्याची किंमत इतक्या उघडपणे क्वचित दिसते.

आयोगाच्या कामावर एक टीका अशी झाली की आडनावावरून जात ठरवली गेली. आपल्या भागातल्या कुणालाही यातली अडचण लगेच कळेल. जाधव, पवार, शिंदे, मोरे ही आडनावं मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, भटक्या जमातींत आहेत. मतदारयादी वाचून ती वेगळी करता येत नाहीत. माणसाला विचारावं लागतं. सर्व जातींची पूर्ण मोजणी १९३१ नंतर झालेली नाही. येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. मोजणीने जात पक्की होईल ही भीती मी ऐकली आहे आणि ती मी हलकी मानत नाही. पण न मोजल्याने जात पुसट झाली असं गेल्या नव्वद वर्षांत दिसलेलं नाही. फक्त कोण मागे राहिलं हे सांगणं अवघड झालं.

बोलतं कोण?

एक टप्पा अजून राहिला, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. तामिळनाडूतल्या ग्रामसभांमधलं सगळं बोलणं शब्दशः उतरवून काही संशोधकांनी संगणकाच्या मदतीने तपासलं. तो अभ्यास २०१९ मध्ये आला. बायका सभेला येत होत्या. पण त्या कमी बोलत, त्यांनी काढलेला विषय पुढे चर्चेत टिकत नसे, आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना मुद्द्याचं उत्तर मिळण्याची शक्यता पुरुषांपेक्षा कमी होती. पंचायतीची अध्यक्ष बाई असेल तिथे बायकांच्या प्रश्नांना उत्तर मिळण्याचं प्रमाण सुधारत होतं. हजेरीपत्रकावर सह्या मोजून हे कधीच कळलं नसतं.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असा नियम आहे. ती खरोखर भरते का की इतिवृत्तात भरल्यासारखी दाखवली जाते, हे तपासायला संशोधक असायची गरज नाही. ग्रामपंचायतीकडे इतिवृत्ताची वही असते; देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करून गेल्या पाच वर्षांच्या प्रती मागता येतात. प्रत्येक विषयापुढे सूचक कोण आणि अनुमोदक कोण ही नावं असतात. ती एका कागदावर उतरवा: बाई की पुरुष, कोणती वस्ती, कोणत्या भावकीतलं. महिला सभेत आलेला कोणता विषय ग्रामसभेत गेला, आणि ग्रामसभेतला कोणता विषय ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात उतरला, हे जुळवून बघा. मग ई-ग्रामस्वराज पोर्टलवर खर्चाच्या नोंदी आहेत त्या शेजारी ठेवा: कोणत्या वस्तीत काम झालं, कोणत्या वस्तीचं काम तीन वर्षं आराखड्यातच पडून आहे. सरपंचपद ज्या वर्षी राखीव झालं त्याच्या आधीची आणि नंतरची पानं वेगळी काढली तर बीरभूमच्या अभ्यासकांनी जो प्रश्न विचारला तोच आपल्या गावाला विचारता येतो. काम चार-पाच जणांचं, बारावीची मुलंसुद्धा करतील इतकं सोपं आहे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांमध्ये सूचक आणि अनुमोदक म्हणून तीच पाच-सहा नावं पानामागून पान येत राहतात.